रमाईचा महिन्याचा हिशेब

मातोश्री रमाई आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या. दापोलीजवळच्या वणंद गावी 1898 साली त्यांचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहायचे. त्यांच्या घामाची मजुरी संध्याकाळी चुलीपर्यंत कशी पुरवायची, हे रमाईंनी लहानपणीच पाहिले. आईवडील लवकर गेले. नातेवाईकांनी पोरक्या भावंडांना मुंबईस नेले आणि 1906 साली भायखळ्याच्या बाजारात रमाईंचे लग्न भीमरावांशी लागले.

1913 च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजीबाबा वारले. त्याच वर्षी बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड, त्यातूनच पोट मारून ते घरी पैसे पाठवीत. इकडे परळच्या चाळीत दीर आनंदराव, जाऊ लक्ष्मीबाई आणि लहानगा यशवंत. आपल्या राजापूरच्या कितीतरी आजी-पणजींनी मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहत घर चालवले. तीच वाट रमाईंनी सातासमुद्रापलीकडून पाहिली.

1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार 450 रुपये. त्या काळी केवढी मोठी रक्कम! पण लंडनचे शिक्षण अर्धे राहिले होते. म्हणून घरखर्चाला ठरावीक रक्कम द्यायची आणि बाकीची शिल्लक टाकायची असे ठरले. रमाईंनी पगार वाढला म्हणून हात सैल सोडला नाही.

त्यांची रीत जुनी माणसे अशी सांगतात. महिन्याचे पैसे हातात आले की त्या तीस पुड्या बांधायच्या. रोज एकच पुडी सोडायची. त्यात मीठ-मिरची, तेल, रॉकेल, सगळे बसवायचे. आजची पुडी संपली तर उद्याचीला हात लावायचा नाही. साधी गोष्ट, पण त्यामुळे पहिल्या आठवड्यात दिवाळी आणि शेवटच्या आठवड्यात उसनवारी असे होत नाही.

त्या शिल्लकेवर, मित्र नवल भथेना यांच्या कर्जावर आणि शाहू महाराजांच्या मदतीवर बाबासाहेब 1920 साली लंडनला गेले. घरात पुन्हा ओढाताण सुरू झाली. रमाईंनी शेणीचे भारेही डोक्यावर वाहिले. बाबासाहेबांनी स्वतः 1928 साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये हे कृतज्ञतेने नमूद केले आहे. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ 1923 साली लंडनला प्रसिद्ध झाला. तोच रुपयाचा प्रश्न परळच्या खोलीत रमाई रोज सोडवीत होत्या.

पण काटकसरीने सगळेच भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. गंगाधर, रमेश, इंदू आणि 1926 साली राजरत्न, अशी चार लेकरे त्यांनी गमावली. स्वतःची तब्येतही खंगत गेली. 27 मे 1935 रोजी दादरच्या राजगृहात त्यांची प्राणज्योत मालवली.

बंधू-भगिनींनो, आज आपल्या घरी पगार येतो, हप्तेही येतात. रमाईंच्या तसबिरीला हार घालतो, तसा महिन्याच्या एक तारखेला नवरा-बायकोने मिळून हिशेबही मांडावा. आधी किराणा आणि मुलांची फी, मग औषधपाण्यासाठी वेगळी पुडी, आणि ती कुणी सणासुदीला सोडू नये. रमाईंच्या पुड्यांतून एका घरचे शिक्षण पुरे झाले आणि त्याचा लाभ आपल्या सर्वांच्या घरी पोचला.