पिंपरीच्या मातीत बुरशीचं औषध शोधणारे डॉ. तिरुमलाचार

माणपासून जवळच पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पेनिसिलीनचा कारखाना म्हणून ती सगळ्यांना माहीत. पण तिथं शेतकऱ्याच्या कामाचं औषधही निघालं, ते डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्यामुळं.

1914 साली जन्मलेल्या तिरुमलाचारांनी आयुष्यभर बुरशीचाच अभ्यास केला. डॉ. मुंडकूर यांच्यासोबत भारतातल्या काणी रोगाच्या बुरशींवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक 1952 मध्ये निघालं. पुढं पिंपरीत मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन मिळालं, ते माणसाच्या बुरशीजन्य आजारावर. त्या जीवाला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचं नाव असं जगाच्या शास्त्रात गेलं.

पिकांसाठी आलं ऑरिओफंगिन. लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या, भाताचा करपा यावर ते वापरलं गेलं. हे औषध बुरशीच्या पेशीचं आवरणच पोखरतं. ते आवरण बदलणं बुरशीला जड जातं. उलट कार्बेन्डाझिम बुरशीच्या एकाच जागी मारा करतं. तेवढ्या जागी बदल झालेली बुरशी फवारणीतून वाचते, तीच वाढते आणि मग औषध लागू पडत नाही.

1999 साली तिरुमलाचार गेले. बुरशीशी झुंज मात्र चालूच आहे. दुकानातून नुसतं दुसऱ्या कंपनीचं औषध आणून भागत नाही. डब्यावरचा घटक वाचून वेगळ्या गटाचं औषध आलटून पालटून, शिफारशीच्या मात्रेतच फवारावं.