शस्त्रक्रियेचा ताळेबंद मागणारा शल्यविशारद

रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत खाटांचे, शस्त्रक्रियांचे आणि खर्चाचे आकडे विपुल असतात. परंतु घरी परतलेला रोगी वर्षभराने धडपणे चालू लागला की नाही, हे त्यांत क्वचितच आढळते. कारखान्याने कच्च्या मालाचा चोख हिशेब ठेवावा आणि पक्क्या मालाकडे ढुंकूनही पाहू नये, अशातलाच हा प्रकार होय. ह्या विसंगतीवर बोट ठेवल्याबद्दल स्वतःच्या कारकिर्दीचे मोल ज्यांना द्यावे लागले, ते बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट एमरी कॉडमन.

कॉडमन यांचा जन्म १८६९ चा. विद्यार्थिदशेतच हार्वे कुशिंग यांच्यासमवेत त्यांनी भूल दिलेल्या रोग्याच्या नाडीची व श्वासाची नोंद ठेवणारे तक्ते सुरू केले. १८९५ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी मिळवून ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. तेथे त्यांनी जी योजना मांडली ती वरकरणी अगदी साधी होती. प्रत्येक रोग्याचे एक कार्ड ठेवावे. त्यावर लक्षणे, निदान आणि उपचार लिहावेत. वर्षभराने त्याची पुन्हा चौकशी करावी. आणि गुण आला नसेल तर त्याचे कारण शोधून ते उघडपणे मांडावे. सेवाज्येष्ठतेवर बढती देणाऱ्या व्यवस्थेला हा हिशेब रुचणे शक्यच नव्हते. १९१४ मध्ये कॉडमन यांनी राजीनामा दिला.

१९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढलेच होते. तेथून १९१६ पर्यंत घरी गेलेल्या ३३७ रोग्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. दरम्यान १९१५ च्या जानेवारीत एका वैद्यकीय सभेत त्यांनी एक व्यंगचित्र उघड केले: वाळूत डोके खुपसून बसलेला शहामृग म्हणजे बोस्टनचे धनिक, आणि त्याची सोन्याची अंडी वेचणारे डॉक्टर! सभेत गदारोळ झाला. स्थानिक शल्यसभेचे अध्यक्षपद आणि हार्वर्डमधील अध्यापनाची जागा दोन्ही गेली.

तरीही त्यांनी नोंदींचा नाद सोडला नाही. हाडांच्या कर्करोगाची नोंदवही त्यांनी १९२० च्या सुमारास उभारली. खांद्याच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये निघाला. १९४० मध्ये ते वारले. त्यांच्या थडग्यावर २०१४ पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

कॉडमन यांच्या योजनेत अंतिम निर्णय मात्र डॉक्टरचाच होता. क्ष-किरणांच्या चित्रात नवा सांधा निर्दोष दिसावा आणि रोग्याला मात्र रात्री वेदनांनी झोप नसावी, असेही घडते. म्हणून १९९६ मध्ये ऑक्सफर्ड येथे खुब्याच्या रोग्यांसाठी बारा प्रश्नांची पत्रिका तयार झाली. मोजे घालता येतात काय, जिना चढवतो काय, बाजारहाट जमते काय, असे हे प्रश्न. उत्तरे रोग्याची स्वतःची. एप्रिल २००९ पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने खुबा व गुडघा बदलण्यापूर्वी आणि त्यानंतर सहा महिन्यांनी अशी उत्तरे घेण्यास प्रारंभ केला. ह्या दोन उत्तरांतील अंतर हेच शस्त्रक्रियेचे खरे उत्पन्न.

अशी मोजमापे निर्दोष नसतात. रोग्याची अपेक्षा, वय आणि इतर व्याधी यांचा परिणाम उत्तरांवर होतोच. अवघड रोगी हाती घेणारा डॉक्टर त्यामुळे नाहक दोषी ठरू शकतो. परंतु सदोष हिशेब सुधारता येतो. न ठेवलेला हिशेब सुधारता येत नाही. आयुष्यभराची पुंजी गुडघ्यावर खर्च करणाऱ्या निवृत्त माणसाला तो मागण्याचा अधिकार आहे, हीच कॉडमन यांच्या आयुष्याची शिकवण होय.