थोरांची ओळख : डॉ. रॉबर्ट बाराणी



फुगडी थांबवलेल्या मुलीच्या डोळ्यांकडे कधी नीट पाहिलंय का? बुबुळं थोडा वेळ झटके देत हलत असतात. पाय थांबले तरी कानाच्या आतल्या बारीक नळ्यांतला द्रव अजून फिरत असतो, आणि कान डोळ्यांना चुकीचा निरोप देत राहतो. या हालचालीवरून आजार कानात आहे की मेंदूत, हे ओळखण्याची रीत डॉ. रॉबर्ट बाराणी यांनी बसवली.

त्यांचा जन्म 22 एप्रिल 1876 रोजी व्हिएन्ना इथे झाला. सहा भावंडांत ते थोरले. लहानपणी हाडांचा क्षय झाला आणि एक गुडघा कायमचा आखडला. तरी ते टेनिस खेळत, डोंगर चढत. स्वतःच्या दुखण्यातूनच त्यांना वैद्यकीची गोडी लागली. 1900 साली ते डॉक्टर झाले आणि पुढे व्हिएन्नातच प्रसिद्ध कानतज्ज्ञ ॲडम पोलित्झर यांच्या हाताखाली काम करू लागले.

तिथे पिचकारीने रुग्णांचे कान धुवावे लागत. पुष्कळांना तेव्हा चक्कर येई आणि त्यांचे डोळे हलत. एका रुग्णाने तक्रार केली, की पाणी पुरेसं कोमट नसलं की गरगरतं. बाराणींनी जास्त गरम पाणी मागवलं. आता ते फारच गरम झालं, पुन्हा चक्कर आली. पण या वेळी डोळे उलट दिशेला हलू लागले! दुसरा कोणी असता तर रुग्ण कटकट्या आहे म्हणून सोडून दिलं असतं. बाराणींना मात्र पाणी तापवण्याचं भांडं आठवलं. गरम पाणी वर जातं, गार खाली येतं, आपण वर्गात शिकवतो तेच अभिसरण. कानातला द्रवही तसाच हलत असणार. शरीराइतकंच गरम पाणी घातलं तर काहीच होत नाही, हेही जुळलं. (1983 मध्ये अंतराळात, जिथे वर-खाली असं काही नसतं तिथेही डोळे हलले; म्हणजे अभिसरण हे पूर्ण उत्तर नव्हतं. पण चाचणी खरी ठरली.)

1906 च्या सुमारास त्यांनी ही चाचणी मांडली. पाणी घालूनही डोळे हलले नाहीत, तर आतला कान किंवा त्याची नस निकामी. कान नीट उत्तर देतोय आणि तरी माणसाचा तोल जातोय, तर मेंदूकडे पाहायचं. त्यासाठी डोळे मिटून ठरलेल्या जागी बोट लावायला सांगायचं; हात कसा चुकतो यावरून लहान मेंदूतला बिघाड कळे. सीटी स्कॅन यायला अजून साठ-पासष्ट वर्षं होती, हे लक्षात घ्या! आजही मेंदूमृत्यू ठरवताना कानात बर्फाचं पाणी घालून डोळे पाहतात. अर्थात हे डॉक्टरांचं काम. घरी कानात पाणी घालून बघू नका, आणि मूल वारंवार गरगरतं म्हणालं तर बहाणा समजू नका.

पहिल्या महायुद्धात बाराणी ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर म्हणून गेले. 1915 मध्ये प्शेमिशल किल्ला पडला आणि रशियनांनी त्यांना कैद करून मध्य आशियातल्या मर्वला नेलं. तिथे मलेरियाने गाठलं. 1914 चं नोबेल पारितोषिक आपल्याला मिळाल्याची बातमी त्यांना कैदेतच कळली. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे शब्द टाकला, तेव्हा 1916 मध्ये सुटका झाली.

व्हिएन्नात मात्र सत्कार राहिला बाजूला. इतरांच्या संशोधनाचं श्रेय त्यांनी दिलं नाही, असा सहकाऱ्यांचा आरोप होता. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली. मला वाटतं, कैदेपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं असावं, कारण 1917 मध्ये जन्मगाव सोडून ते स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गेले. पुढे तिथेच प्राध्यापक झाले. त्यांची तिन्ही मुलं वैद्यकशास्त्रातच गेली.

8 एप्रिल 1936 रोजी उप्सालातच त्यांचं निधन झालं. साठावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता.