गाडीची बॅटरी पुन्हा चार्ज करता येते, ती पॅरिसच्या या पंचविशीतल्या मास्तरामुळे

महिनाभर गावाला जाऊन आलात. पार्किंगमधल्या गाडीवरची धूळ झटकली, किल्ली फिरवली आणि गाडीने नुसता खट्ट असा आवाज केला. बॅटरी उतरली. आता शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप स्टार्ट करा, धक्का मारा, नाहीतर गॅरेजवाल्याला फोन लावा.

आजकाल यावर स्मार्ट चार्जर नावाचा छोटा डबा मिळतो. बॅटरी किती भरली आहे हे तो स्वतः ओळखतो आणि त्याप्रमाणे करंट कमी-जास्त करतो. पण हे काम मशीन करू लागण्याच्या खूप आधी एक माणूस हाताने करत होता. तोही महिनोन् महिने. त्याचं नाव गास्तों प्लांते.

प्लांतेचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा, फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या ऑर्थेझ गावातला. त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे नावाजलेला पियानोवादक झाला. गास्तोंचा ओढा मात्र विज्ञानाकडे. १८५४ साली तो पॅरिसच्या एका नामांकित तंत्रसंस्थेत भौतिकशास्त्राचा सहाय्यक म्हणून लागला.

पण त्याचं नाव पहिल्यांदा गाजलं ते विजेमुळे नाही, तर एका पक्ष्यामुळे. १८५५ साली पॅरिसजवळ त्याला एका अवाढव्य पक्ष्याची जीवाश्म हाडं सापडली. उडता न येणारा हा पक्षी कोट्यवधी वर्षांपूर्वीच नामशेष झाला होता. प्लांतेच्या नावावरून त्याला गॅस्टॉर्निस असं नाव दिलं गेलं.

मग बॅटरीचं काय झालं?

त्या काळी बॅटरी होत्या, पण एकदा आतली रसायनं संपली की खेळ खलास. रसायनं बदला, नाहीतर नवीन सेल बनवा.

विजेचा प्रवाह थांबवल्यावर द्रावणात बुडवलेले धातूचे पत्रे थोडा वेळ उलट्या दिशेने वीज देतात, हे शास्त्रज्ञांना माहीत होतं. बहुतेकांना ती अडचण वाटायची. प्लांतेने वेगवेगळे धातू घेऊन तपासायला सुरुवात केली. त्यात शिशाने बाजी मारली. त्याची उलटी वीज जोरदार होती आणि बराच वेळ टिकत होती.

१८५९ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने शिशाचे दोन लांब पत्रे घेतले. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे पट्ट्या ठेवल्या, सुरळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. बाहेरून वीज दिली की सेल भरायचा, वापरली की रिकामा व्हायचा आणि पुन्हा भरता यायचा. १८६० मध्ये त्याने अशा नऊ सेलची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

खरी कसोटी चार्जिंगची होती

नव्या कोऱ्या शिशाच्या पत्र्यात फारशी वीज मावत नव्हती. म्हणून प्लांते सेल चार्ज करायचा, रिकामा करायचा, काही काळ तसाच ठेवायचा, मग उलट्या बाजूने पुन्हा चार्ज करायचा. प्रत्येक फेरीत पत्र्यावरचा थर थोडा जाड आणि सच्छिद्र व्हायचा आणि क्षमता वाढायची. घाई करून चालत नव्हतं.

गंमत म्हणजे, ही बॅटरी चार्ज करायला वीज आणायची कुठून? तर दुसऱ्या बॅटरीमधून. त्यामुळे अनेक वर्षं हा शोध प्रयोगशाळेतच राहिला. १८७० च्या दशकात वीज तयार करणारे चांगले डायनॅमो आले आणि चित्र बदललं. १८८१ मध्ये कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप द्यायची युक्ती काढली आणि महिन्यांचं काम एकदम कमी झालं. त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर ग्युस्ताव त्रुवे याची विजेवरची तीनचाकी धावली.

प्लांते मात्र प्रयोगातच रमला. शेकडो सेल जोडून तो विजा कडाडण्यासारख्या निसर्गातल्या घटनांचा अभ्यास करत राहिला. २१ मे १८८९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी तो गेला.

आज तुमच्या बॉनेटखाली काय चालतं?

तेच, जे प्लांतेच्या बरणीत चालायचं. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे ६ सेल असतात. वीज वापरली की दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट जमतं, चार्ज केल्यावर ते विरतं. बॅटरी फार दिवस उतरलेली राहिली तर त्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि बॅटरी कायमची कमजोर होते. उलट भरल्यावरही करंट देत राहिलात, तर पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन निघतो. तो पेट घेतो.

स्मार्ट चार्जर या दोन्ही टोकांच्या मधे राहतो. आधी भरपूर करंट देतो. व्होल्टेज साधारण १४.४ ला पोचलं की ते तिथेच धरून करंट कमी करत जातो. शेवटी साधारण १३.५ वर आणून बॅटरी नुसती राखतो.

तरी काही गोष्टी तुम्हालाच पाहाव्या लागतात. चार्जरवर तुमच्या बॅटरीचा प्रकार निवडा, लिथियमची असेल तर त्यासाठीचाच चार्जर हवा. जागा हवेशीर ठेवा. आधी लाल क्लिप प्लसला, मग काळी क्लिप बॅटरीपासून लांब, इंजिन किंवा चासीच्या उघड्या धातूला लावा. भिंतीवरचं बटण सगळ्यात शेवटी. काढताना याच्या उलट. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी चार्ज करायच्या भानगडीत पडू नका.

आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरी उतरायची वाट पाहू नका. निघण्याआधीच ती पूर्ण भरून घ्या. प्लांतेला ज्यासाठी महिने घालवावे लागले, ते तुमच्याकडे एका रात्रीत होतं.