दिवाळे आणि संसार : श्री तुकाराममहाराज

देहूच्या तुकाराममहाराजांस आपण संत म्हणून वंदन करितो. परंतु ते वाणउदीम करणाऱ्या घराण्याचे पुत्र होते व त्यांचे दिवाळे निघाले होते, याचे स्मरण क्वचितच राहते. व्यापारावर जगणाऱ्या आपल्या ज्ञातीने तरी ते ठेवावे.

महाराजांचा जन्म 1608 साली झाला, असे सामान्यतः मानितात. घरी पेठेची महाजनकी होती. थोरले बंधू सावजी विरक्त झाल्याने प्रपंचाचा भार कोवळ्या वयात तुकोबांवर पडला. प्रथम पत्नी रखमाबाई दमेकरी, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाबाईंशी त्यांचा दुसरा विवाह झाला. पुढे मातापितर निवर्तले आणि 1630 च्या सुमारास दख्खनेत घोर दुष्काळ पडला. भांडवल आटले, पत गेली, रखमाबाई अन्नावाचून वारल्या. पुत्र संतोबाही गेला.

पतीच्या शब्दास बाजारात मोल उरले नाही, तेव्हा जिजाबाईंनी स्वतःच्या नावे खत लिहून 200 रुपये उभे केले व पतीस पुन्हा व्यापारास धाडिले, असे चरित्रपरंपरा सांगते. तो पैसाही महाराजांनी वाटेत एका ऋणग्रस्तास देऊन टाकिला. जिजाबाईंस कजाग म्हणणाऱ्यांनी हे खत आठवावे. ते फेडण्याची चिंता कोणाच्या शिरी राहिली असेल?

लोकांकडील येणे मात्र शिल्लक होते. महाराजांनी खतपत्रांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबांचा वाटा त्यांस दिला आणि केवळ आपला वाटा इंद्रायणीत सोडिला. दुसऱ्याच्या हक्कावर त्यांनी उदारपणा केला नाही.

पुढील काळी, 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्यानेही नादारास इतर ऋणांतून सोडविताना सरकारदेणे व न्यायालयाने ठरविलेली बायकामुलांची पोटगी यांतून मोकळे केले नव्हते. दिवाळे दुकानाचे निघते. संसाराचे कर्तव्य उरतेच.

1685 मध्ये पुत्र नारायणमहाराजांनी सुरू केलेला पालखीसोहळा दर आषाढीस आपल्या सोलापूर जिल्ह्यातून पंढरीस जातो. त्या पालखीपुढे मस्तक लवविताना ज्ञातिबांधवांनी एवढाच निश्चय करावा : व्यवहारातील तोटा पत्नीपासून लपवू नये, तिच्या स्त्रीधनास तिच्या संमतीवाचून हात लावू नये, आणि पडत्या काळातील कुटुंबास सोयरिकीत कमी लेखू नये.