विश्लेषण : बाटली क्रमांक ५३-एन… प्लेगची लस देणाऱ्या हाफकिन यांना भारत का सोडावा लागला?

बोईसर, पालघर, डहाणूहून पहाटेची गाडी पकडून परळचे केईएम किंवा टाटा रुग्णालय गाठणारे रुग्ण आणि नातेवाईक रोज दिसतात. ज्या आचार्य दोंदे मार्गावर केईएम आहे, त्याच रस्त्यावर झाडांच्या आड एक जुनी वास्तू आहे. एकेकाळी तिथे मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान होते. फाटकावरचे हाफकिन हे नाव सर्पदंशाची लस किंवा पोलिओचे डोस यांमुळे अनेकांच्या कानावरून गेलेले असते. पण हा माणूस कोण होता, हे विचारले तर बहुतेकांची गाडी अडते.

तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपन्यांत क्यूसी किंवा क्यूए विभागात काम करणाऱ्या वाचकांनी तर ही गोष्ट आवर्जून वाचावी. कारण वाल्देमार हाफकिन यांच्या आयुष्याची दिशा एका बॅचच्या एका बाटलीने बदलली.

हाफकिन कोण होते?

जन्म १५ मार्च १८६०, रशियन साम्राज्यातील ओडेसा. घर ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून पुढे नोबेल मिळवणारे हेच ते मेचनिकोव्ह. हाफकिन मात्र प्रयोगशाळेपुरते राहिले नाहीत. झारविरोधी तरुणांच्या गटात ते सामील झाले, त्यांना अटक झाली आणि विद्यापीठातूनही काढण्यात आले. ज्यूंवरील हल्ल्यांच्या वेळी वस्तीचे रक्षण करताना ते जखमी झाले होते.

ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात त्यांनी काही वर्षे काढली. त्या काळातला त्यांचा विषय पॅरामेशियम, युग्लिना यांसारखे गोड्या पाण्यातील एकपेशीय जीव हा होता. आपण दहावीच्या आत ज्यांची चित्रे काढून नावे देतो, तेच. डबक्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हे जीव कसे जगतात आणि आजारी कसे पडतात, हे ते पाहत. माणसाच्या साथींकडे वळण्याआधी त्यांनी डबक्यातल्या जिवांच्या साथी अभ्यासल्या होत्या, असे म्हणायला हरकत नाही.

१८८८ मध्ये त्यांनी रशिया सोडला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकोव्ह आधीच पोहोचले होते. तिथे जागा होती ती सहायक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोग सुरू ठेवले.

कॉलऱ्याची लस कशी तयार झाली?

आपल्याकडे पटकी म्हणतात तो कॉलरा तेव्हा युरोपातही पसरला होता. हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू एका गिनिपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या पोटातून तिसऱ्याच्या असे पुढे नेत अधिक तीव्र केले. हवा आणि उष्णता वापरून जंतूंचा दुसरा, सौम्य प्रकारही तयार केला. आधी सौम्य डोस, काही दिवसांनी तीव्र डोस. पहिला आणि दुसरा डोस ही भाषा कोविडनंतर कुणाला समजावून सांगायला नको.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, उतरला. रशियात जायची त्यांची तयारी होती, पण मार्ग निघाला तो भारताचा. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे भारताचे माजी व्हाइसरॉय होते. त्यांच्या पाठबळावर मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले.

तलावांच्या भोवतीची साथ

कलकत्त्याच्या झोपडवस्त्या छोट्या तलावांभोवती वसलेल्या होत्या. त्याच पाण्यात कपडे, भांडी, आंघोळ आणि तेच पाणी पिण्याला. हाफकिन येण्याच्या नऊ वर्षे आधी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख यांना कॉलऱ्याचा जंतू अशाच एका तलावात सापडला होता. मार्च १८९४ मध्ये कांठालबागान वस्तीत साथ आल्यावर शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी हाफकिन यांना बोलावले. सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर जे आजारी पडले, ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते.

लोक सहज तयार झाले नव्हते. परका माणूस, हातात सुई, त्यात सरकारी शिफारस. चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे भारतीय डॉक्टर हाफकिन यांच्यासोबत वस्त्यांत फिरत. लोकांसमोर आधी स्वतः लस टोचून घ्यायची, मग इतरांना विचारायचे, असा त्यांचा क्रम होता. सुमारे अडीच वर्षांत ४२ हजारांहून अधिक लोकांना लस मिळाली. हाफकिन यांना मात्र मलेरियाने गाठले आणि ते १८९५ मध्ये युरोपला परतले.

या तलावांचे गूढ पुढच्या संशोधनाने उलगडले. कॉलऱ्याचा जंतू फक्त माणसाच्या आतड्यात राहत नाही. तो मूळचा पाण्यातला रहिवासी आहे आणि कोपेपॉड नावाच्या, तिळाहून बारीक कवचधारी जिवांना चिकटून राहतो. कोपेपॉड वाढले की जंतूही वाढतो. अमेरिकी शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला लावले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे दिसले. साडीच्या धाग्यांतून जंतू सुटतो, पण कोपेपॉड अडकतो.

आपल्याकडचा नारू हा रोगही अशाच जिवांमार्फत, म्हणजे सायक्लॉप्समधून शरीरात शिरायचा. फडक्याने पाणी गाळण्याची सवय नारू हद्दपार करण्याच्या मोहिमेत मोठी उपयोगी पडली आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मोखाडा, जव्हारकडे उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीचे पाणी हंड्याच्या तोंडावर फडके बांधून भरणारी बाई निरर्थक काही करत नसते. अर्थात गाळलेले पाणी उकळावे लागतेच. आणि फडक्यातून रसायने अडत नाहीत, हे तारापूरच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तिथल्या औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे.

मुंबईत काय घडले?

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने थैमान घातले. लोक शहर सोडून पळू लागले. पळणाऱ्यांसोबत, रेल्वेमार्गांनी साथही बाहेर पडली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता आणि मुंबई-बडोदा रेल्वे इथूनच जात होती. साथ रोखण्यासाठी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. तोच कायदा २०२० मध्ये कोविडसाठी पुन्हा बाहेर काढण्यात आला. घरांच्या झडत्या, सक्तीचे विलगीकरण यांतून पुण्यात असंतोष पेटला आणि रँड यांची हत्या झाली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, तीही हीच साथ.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत पोहोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. आजच्या एखाद्या क्यूसी लॅबचा स्टोअररूमही याहून मोठा असेल.

जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळायचे म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती गुहेतल्या लोंबत्या दगडी सुळ्यांसारख्या खाली वाढत. बाटली हलवली की त्या तळाशी जात आणि वर पुन्हा नव्या वाढू लागत. मग सुमारे ७० अंश सेल्सिअसला तापवून जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंचे हे द्रावण म्हणजेच लस. तुपाची ही युक्ती मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत आवडते. महागडे उपकरण नाही, बाजारात मिळणारी वस्तू आणि काम फत्ते.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नंतर इतरांना दिल्या गेलेल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. कडक ताप आणि वेदना सोसून ते उठले. त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ आजारी, सहा मृत्यू. ज्यांना टोचतानाच आजाराने गाठलेले होते, ते या आकड्यांत नाहीत. लस परिपूर्ण नव्हती. ताप यायचा, हात सुजायचा आणि संरक्षणही अर्धेमुर्धेच. पण तोवर हातात काहीच नव्हते.

विशीतले आगाखान तिसरे यांनी स्वतः लस घेऊन आपल्या खोजा समाजाला तयार केले आणि प्रयोगशाळेसाठी माझगावातली जागा दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलली. तीच आजची हाफकिन संस्था.

मुल्कोवालमध्ये नेमके काय झाले?

पंजाबात प्लेग वाढला आणि तिथून लाखो डोसांची मागणी आली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी प्रक्रियेत बदल केला. आधी लशीत जंतुनाशक म्हणून कार्बोलिक अ‍ॅसिड घालत. नव्या पद्धतीत ते वगळून केवळ उष्णतेवर भर दिला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही पद्धत मान्य होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि सर्व १९ जण दगावले. या सगळ्यांना लस मिळाली होती ती एकाच बाटलीतून. तिचा क्रमांक ५३-एन. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीच झाले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. दूषितीकरण बाटली सीलबंद होण्याआधी परळमध्येच झाले आणि कार्बोलिक अ‍ॅसिड वगळणे ही गंभीर चूक होती, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांच्याकडून प्रयोगशाळेची सूत्रे गेली, ते निलंबित झाले आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला.

इंजिनीअरिंगमध्ये आम्हाला रूट कॉज अ‍ॅनालिसिस शिकवतात. दोष दिसला तिथे थांबायचे नाही, तो नेमका कुठल्या टप्प्यावर शिरला हे शोधायचे. इथे पुरावे होते. बाटली भरल्यापासून वापरापर्यंत ४१ दिवस गेले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस आत वाढले असते, तर बूच काढताच उग्र दुर्गंधी आली असती. लस देणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी आली नव्हती. शिवाय बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळून न घेता जंतुनाशकात नुसता बुचकळून वापरण्यात आला, असे समोर आले. धनुर्वाताचा जंतू मातीतच राहतो आणि त्याचे बीजाणू अशा बुचकळण्याने मरत नाहीत. दोष परळच्या लशीत नव्हता, मुल्कोवालच्या मातीत होता. आज बॅच रेकॉर्ड पाहणारा कुठलाही तपासनीस बाटली उघडण्याच्या टप्प्यावर पहिले बोट ठेवेल.

निर्दोष ठरायला किती काळ लागला?

जवळपास पाच वर्षे. मलेरियाचा डासांशी संबंध सिद्ध करणारे नोबेलविजेते रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली. १९०७ च्या जुलैमध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये संयुक्त पत्र प्रसिद्ध केले. वर्षअखेरीस सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त केले. फ्रान्समधील ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरील खोट्या खटल्याशी या प्रकरणाची तुलना पुढे अनेकांनी केली.

पण परळची खुर्ची परत मिळाली नाही. कलकत्त्यात नेमणूक झाली, तिथे लस बनवण्याची सोय नव्हती आणि नव्या चाचण्या घेण्याची मुभाही नव्हती. वयाच्या ५५ व्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपला गेले. लग्न केले नाही. उतारवयात ते धर्माकडे वळले आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांना शिक्षणासाठी ठेवली. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तिथून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

डबक्यातल्या पाण्याचे काय झाले?

पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये असताना, १८९० मध्ये, हाफकिन यांनी पॅरामेशियमच्या केंद्रकातच घुसून वाढणाऱ्या जिवाणूंची नोंद केली होती. त्यांना त्यांनी होलोस्पोरा हे नाव दिले आणि तीन जाती वेगळ्या दाखवल्या. एका पेशीच्या आत दुसरा जीव कसा शिरतो, तिच्या संरक्षण यंत्रणेला कसा चकवतो, हे समजून घेण्यासाठी आजचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ याच जिवाणूची जनुके वाचत आहेत. मधल्या काळात ही नावे विस्मरणात गेली होती. १९८१ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी ती पुन्हा मान्य यादीत आणली, हाफकिन यांनी ठेवली होती तशीच.