नामदार गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे दादा



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हा सातवीच्या मुलांना एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझ्या चिठ्ठीत नामदार गोखले निघाले. खरं सांगते, मी जरा हिरमुसले. गोखले म्हणजे फोटोतली पगडी, उपरणे आणि चष्मा, आणि महात्मा गांधी त्यांना गुरू मानीत, एवढंच मला ठाऊक होतं. मग वाचनालयाच्या पेटीतली पुस्तके वाचली, बाईंनीही पुष्कळ सांगितले.

गोपाळचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कागलला नोकरीला होते. आधी कारकून, पुढे फौजदार. थोरला मुलगा गोविंद आणि धाकटा गोपाळ, दोघेही शिकायला कोल्हापूरला होते. १८७९ साली वडील वारले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा, म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलांएवढाच.

घरात साठवलेले काही नव्हते. अंताजीकाका सगळ्यांना ताम्हनमळ्याला घेऊन गेले. दोघांच्या शिक्षणाचा खर्च कोणालाच झेपणारा नव्हता. तेव्हा गोविंदाने शाळा सोडली आणि कागलला महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्याचे वय तेव्हा अठराच्या आसपास. त्या १५ रुपयांतले ८ रुपये तो दर महिन्याला कोल्हापूरला गोपाळला पाठवायचा.

मी वहीत वजाबाकी करून पाहिली. उरतात ७. म्हणजे शिकणाऱ्या एकट्या मुलाला ८ आणि बाकीच्या अख्ख्या घराला ७. मी गणित दोनदा तपासले.

गोपाळलाही हा हिशेब पाठ होता असं मला वाटतं. तो हाताने स्वयंपाक करी. एकदा एक मित्र त्याला नाटकाला घेऊन गेला. गोपाळला वाटलं, हा आपल्याला प्रेमाने नेतोय. पण नंतर मित्राने तिकिटाचे पैसे मागितले. गोपाळ काही बोलला नाही, पैसे देऊन टाकले. ते भरून काढायला दिव्याचे तेल बंद केले आणि रस्त्यावरच्या कंदिलाखाली उभे राहून अभ्यास केला. दादाला जास्त पैसे पाठव म्हणून कळवायची त्याला लाज वाटली असेल.

१८८१ साली, पंधराव्या वर्षी, गोपाळ मॅट्रिक झाला. मॅट्रिक म्हणजे आत्ताच्या दहावीसारखी परीक्षा. त्या काळात मॅट्रिक झालेल्याला कचेरीत नोकरी मिळायची. गोपाळने ठरवले, आता पुरे. नोकरी धरायची आणि दादाचा भार हलका करायचा. त्याने तसे घरी सांगितलेही. पण दादा ऐकेनात आणि वहिनीही ऐकेनात. वहिनींनी आपल्या अंगावरचे होते नव्हते ते दागिने विकले आणि कॉलेजची सोय केली. १८८२ च्या आरंभी गोपाळ कोल्हापूरच्याच राजाराम कॉलेजात गेला.

वहिनींचे नाव मला पुस्तकात सापडले नाही. बाईंनाही विचारले.

कोल्हापुरात तेव्हा बी.ए.पर्यंतचे सगळे वर्ग नव्हते. म्हणून गोपाळने मध्ये काही महिने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काढले, पुन्हा कोल्हापूरला आला आणि शेवटच्या वर्षासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. कोकणातला लाजाळू मुलगा, इंग्रज प्राध्यापक आणि एवढी मोठी मुंबई. शाळेत असताना तो पाठांतरात पटाईत होता. पानेच्या पाने तोंडपाठ. कॉलेजात नुसते पाठांतर पुरत नाही असं बाई म्हणाल्या. तिथे त्याला महिना २० रुपये शिष्यवृत्ती मिळाली. बघा, दादांच्या सगळ्या पगारापेक्षा जास्त! १८८४ साली, अठराव्या वर्षी, गोपाळ बी.ए. झाला.

आता खरं तर घरच्यांना सुखाचे दिवस यायला हवे होते. बी.ए. झालेल्याला सरकारी नोकरीत मोठा पगार मिळाला असता. पण गोपाळराव १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाले आणि पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. म्हणजे वीस वर्षे थोड्या पगारात शिकवण्याचे वचन. हे त्यांनी एकट्याने ठरवले नाही. आधी दादांची संमती घेतली. ज्यांनी ७ रुपयांत घर चालवले, त्यांनी ती दिली. मला हा प्रसंग दागिन्यांपेक्षाही मोठा वाटतो. माझ्या मैत्रिणीला तसे वाटत नाही. तिच्या मते गोपाळरावांनी आधी वहिनींचे दागिने सोडवून आणायला हवे होते. यावर आमचे भांडण झाले.

पुढचे सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. ते फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले.

पण १९११ ची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या शाळेशी जुळते. त्या साली गोखल्यांनी सरकारच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. ज्या पालकाची मिळकत महिना १० रुपयांहून कमी, त्याच्याकडून फी घ्यायची नाही असे त्यात होते. (गोविंददादांचे १५ रुपये त्यातही बसले नसते!) मार्च १९१२ मध्ये मते घेतली. बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देशभर लागू झाला तो १ एप्रिल २०१० पासून. म्हणजे मधे ९८ वर्षे गेली.

माझा दादा यंदा दहावी पास झाला, ६८ टक्के. अकरावीला तालुक्याला जायचे तर एस.टी.चा पास आणि पुस्तके आली. मलाही आता आठवीला तिथेच जायचंय. दोघांचा खर्च एकदम नको, म्हणून तो खडी क्रशरवर कामाला जातो म्हणतो. अकरावीचा फॉर्म त्याने आणलेला नाही. मी म्हटलं, मी एक वर्ष घरी थांबते, तर माझ्यावर ओरडला. आई काही बोलली नाही. बाबा अजून ठरवू म्हणाले.

गोविंदराव कितवीपर्यंत शिकले, त्यांना कोणता विषय आवडायचा, हे मी सगळ्या पुस्तकांत शोधले. कुठेच दिले नाही. माझ्या दादाला भूमिती आवडते.

आज पालकसभेला बाबांबरोबर तोही येणार आहे. म्हणून हा कागद जरा वर, त्याच्या उंचीला लावा असं मी बाईंना सांगितलंय. लहान मुलांना वाचता येत नसेल तर मला हाक मारा, मी वाचून दाखवीन.